बायपोलरच्या उपचारांवरचं संशोधन ग्रंथालयात कसं शोधावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वैद्यकीय ग्रंथालयात तालिकीकरणाचं काम करते. आलेल्या पुस्तकाची नोंद करायची, त्याला विषयशीर्षकं द्यायची, वर्गांक लावायचा. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मनःस्थिती कधी उन्मादाकडे तर कधी नैराश्याकडे झुकणारा आजार, याबद्दल विचारायला येणाऱ्यांत विद्यार्थी असतात, डॉक्टर असतात, आणि पुष्कळदा ज्याला आजार आहे तो स्वतः किंवा त्याच्या घरचं कुणीतरी असतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

शोधाच्या चौकटीत “बायपोलर” टाइप केलं की सगळं मिळेल ना?

नाही मिळणार. आजार तोच असला तरी त्याचं नाव अनेकदा बदललं आहे. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये मनोविकारतज्ज्ञ फाल्रे यांनी त्याला “चक्राकार वेड” म्हटलं आणि बाईयार्जे यांनी “दुहेरी रूपाचं वेड”. १८९९ मध्ये क्रेपेलिन यांनी “मॅनिक-डिप्रेसिव्ह” हे नाव दिलं, ते बहुतेक साऱ्या विसाव्या शतकात चाललं. एकध्रुवी (एकाच टोकाचा) आणि द्विध्रुवी (उन्माद आणि नैराश्य, दोन्ही टोकांचा) असा भेद कार्ल लिओनहार्ड यांनी १९५७ मध्ये केला, आणि “बायपोलर डिसऑर्डर” हे नाव १९८० च्या डीएसएम-३ या अमेरिकी निदानपुस्तिकेपासून रुळलं.

याचा फटका कुठे बसतो ते एका उदाहरणावरून कळेल. या आजाराच्या उपचारातला सर्वांत महत्त्वाचा जुना लेख म्हणजे ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमवर लिहिलेला लेख. उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियमचे क्षार दिल्यावर काय झालं, ते त्यांनी त्यात नोंदवलं आहे. लेखाच्या शीर्षकात “बायपोलर” हा शब्द नाही आणि “मॅनिक-डिप्रेसिव्ह”ही नाही. तिथे आहे “सायकॉटिक एक्साइटमेंट”, म्हणजे मनोविकारातली प्रक्षुब्धता. त्या काळच्या नोंदी जुन्या छापील सूच्यांवरून पुढे संगणकात आल्या आणि त्यांना गोषवारा जोडलेला नसतो. म्हणजे “बायपोलर” शोधणाऱ्याला शीर्षकात काही सापडत नाही आणि गोषवाऱ्यातही नाही. उपचाराची सुरुवात ज्या लेखापासून झाली, तोच हातातून निसटतो.

मग तालिका (ग्रंथालयाची नोंदसूची) यात नेमकं काय करते?

वेगवेगळ्या नावांना एकाच खुंटीला बांधून ठेवते. लेखकाने कोणताही शब्द वापरला असो, नोंद करणारा एका ठरलेल्या यादीतून विषयशीर्षक निवडतो. वैद्यकातली सर्वांत वापरली जाणारी यादी म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची “मेश”. ती १९६० पासून आहे आणि दर वर्षी सुधारली जाते. तिच्यात “मॅनिक-डिप्रेसिव्ह सायकोसिस” शोधलंत तर ती तुम्हाला “बायपोलर डिसऑर्डर” या शीर्षकाकडे नेते. जुन्या नावाने आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ नये, म्हणून ही सोय आहे.

यादीची रचना झाडासारखी आहे. “बायपोलर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स” या फांदीखाली बायपोलर डिसऑर्डर आहे आणि सायक्लोथायमिक डिसऑर्डर हा त्याचा सौम्य प्रकारही. वरची फांदी निवडली की खालचं सगळं आपोआप शोधात येतं.

सर्वसाधारण ग्रंथालयांत लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं चालतात. तिथे असंख्य पुस्तकांच्या नोंदींत “मॅनिक-डिप्रेसिव्ह इलनेस” हेच शीर्षक दिसेल, अगदी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर “बायपोलर” असलं तरी. दोन्ही नावांनी शोधा.

“लिथियम” शोधलं तर बॅटऱ्यांचे लेख का येतात?

हा प्रश्न विचारणाऱ्या एका ताई माझ्या डोळ्यांसमोर आहेत. धाकट्या भावाला नुकतंच लिथियम सुरू झालं होतं. त्यांनी “लिथियम बायपोलर” असे दोन शब्द टाकले आणि निकालांची लांबच लांब यादी छापून आणली. पहिली दोन पानं विद्युतघटांची होती, कारण बॅटऱ्यांच्या रचनेतही “बायपोलर” हा शब्द आहे. पुढे ट्रान्झिस्टर आले. मग शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या बंद करायचं बायपोलर उपकरण आलं. प्रत्येक ओळीवर त्यांनी पेनाने बारीक फुली मारली होती. आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्यांना वाटत होतं.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. शब्दावरून शोधणारं यंत्र शब्दच शोधतं, अर्थ शोधत नाही. विषयशीर्षक अर्थावर लावलेलं असतं. मेशमध्ये “बायपोलर डिसऑर्डर” शीर्षक आणि त्याला जोडून “ड्रग थेरपी” हे उपशीर्षक घेतलं, सोबत “लिथियम कार्बोनेट” किंवा “लिथियम कंपाउंड्स” घेतलं, की बॅटऱ्या गळून पडतात. आम्ही तसं केलं आणि फुली मारायची वेळच आली नाही.

पुस्तकं कोणत्या कपाटात असतात?

ग्रंथालय कोणती वर्गीकरण पद्धत वापरतं, त्यावर ते ठरतं. ड्युई दशांश पद्धतीत बायपोलर ६१६.८९५ ला येतं, लायब्ररी ऑफ काँग्रेस पद्धतीत आरसी ५१६ ला आणि नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या वर्गीकरणात डब्ल्यूएम २०७ ला.

पण एकाच कपाटाशी थांबू नका. एका पुस्तकाला जागा एकच मिळते आणि हा विषय काही एका जागेत मावत नाही. ड्युईमध्ये नैराश्य ६१६.८५२७ ला आहे, म्हणजे त्याच आजाराची एक बाजू दुसऱ्या फळीवर गेली. मेंदूवर काम करणारी औषधं ६१५.७८ च्या आसपास आहेत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात एकाच विषयाचे निरनिराळे पैलू सुटे मांडून जोडायची युक्ती काढली, ती याच अडचणीवर. आज ती गरज बऱ्याच अंशी विषयशीर्षकं भागवतात, कारण शीर्षकं एका पुस्तकाला चार-पाचही देता येतात. कपाटापुढे उभं राहण्याआधी तालिकेत शोधा, असं मी सगळ्यांना सांगते ते म्हणूनच.

नोंदीत काय काय वाचायचं?

ग्रंथालयाच्या बऱ्याच तालिकांत “मूळ नोंद” किंवा “मार्क नोंद” बघायची सोय असते. मार्क हा नोंदीचा साचा हेन्रिएट अॅव्हराम यांनी १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये घडवला. प्रत्येक माहितीला त्यात तीन आकडी क्रमांक असतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय. ६५० च्या पुढचा दुसरा अंक बघा. तो ० असेल तर शीर्षक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीतलं, २ असेल तर मेशमधलं. एकाच पुस्तकाला दोन्ही असतील तर ती नोंद कुणीतरी मन लावून केली आहे, असं समजायला हरकत नाही.

मी स्वतः सर्वांत आधी २५० बघते. तिथे आवृत्ती असते. यामागे माझ्याकडून झालेली एक चूक आहे. मनोविकारांवरच्या औषधांचं एक पाठ्यपुस्तक आमच्याकडे दोन आवृत्त्यांत होतं आणि जुन्या प्रतीची नोंद करताना मी २५० रिकामं सोडलं. तालिकेत दोन्ही नोंदी सारख्याच दिसायच्या. एका तरुण बाईंनी जुनी प्रत नेली आणि व्हॅल्प्रोएट या बायपोलरमध्येही दिल्या जाणाऱ्या औषधाचं प्रकरण वाचलं. त्यांना मूल हवं होतं. त्या प्रकरणात बाळाच्या मणक्यातल्या दोषाचा धोका दिला होता, पण बाळाच्या बौद्धिक वाढीवर होणाऱ्या परिणामाबद्दल एक ओळही नव्हती, कारण ते संशोधन पुस्तकानंतरचं. त्यांच्या डॉक्टरांनी वेळीच सगळं नीट सांगितलं. मी त्याच संध्याकाळी ती नोंद दुरुस्त केली, आणि त्या वर्षातल्या बाकीच्या सगळ्या नोंदी पुन्हा उघडून पाहिल्या.

गरोदरपणातल्या औषधांविषयीचं संशोधन “बायपोलर”खाली का सापडत नाही?

कारण त्यातलं बरंचसं अपस्मार (फिट्सचा आजार) असलेल्या स्त्रियांवर झालेलं आहे. व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजीन ही दोन्ही मुळात फिट्सवरची औषधं. गर्भात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतर फिट्सविरोधी औषधं मिळालेल्या मुलांपेक्षा कमी भरतो, हे दाखवणारा नीड हा अभ्यास घ्या. त्याचे तिसऱ्या वर्षाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले आणि सहाव्या वर्षाचे २०१३ मध्ये. तो अपस्माराच्या शीर्षकाखाली आहे, आणि तालिकेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण अभ्यास ज्यांचा झाला त्यांना अपस्मार होता. पण बायपोलर असलेल्या बाईला हीच माहिती हवी असते.

अशा वेळी आजाराचं शीर्षक सोडा आणि औषधाचं धरा: “व्हॅल्प्रोइक अॅसिड”, उपशीर्षक “अॅडव्हर्स इफेक्ट्स”, सोबत “प्रेग्नन्सी”. आकडे थोडक्यात असे: गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे १० पैकी १ बाळाला जन्मजात दोष असतो आणि १० पैकी ३ ते ४ मुलांना वाढीच्या अडचणी येऊ शकतात. तरीही औषध मनाने बंद करू नका. अचानक थांबवण्याचे धोके वेगळे आहेत आणि पर्याय ठरवायला वेळ लागतो, म्हणून गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांशी बोला.

उपचारांबद्दल आजवरचं संशोधन काय सांगतं?

लिथियमपासूनच सुरुवात करायला हवी. केड यांच्या लेखाच्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी वापरलं जाणारं लिथियम क्लोराइड काही मृत्यूंनंतर बाजारातून काढून टाकलं गेलं. केड यांचा पहिला रुग्णही पुढे लिथियमच्या विषबाधेने दगावला. औषध गुणकारी होतं, पण रक्तातली त्याची पातळी मोजायची सोय हाताशी नव्हती. ती सोय आल्यावरच लिथियम सुरक्षितपणे वापरता येऊ लागलं. डेन्मार्कचे मोगेन्स शू यांनी १९५४ मध्ये त्याची प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) तुलना प्रसिद्ध केली. १९७० मध्ये शू, बास्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लिथियम बंद करून प्लासिबो दिलेल्यांत आजार पुन्हा उलटतो आणि लिथियम चालू असलेल्यांना ते संरक्षण देतं. त्याच वर्षी अमेरिकेत त्याला उन्मादासाठी मान्यता मिळाली.

पुढचा टप्पा म्हणजे २०१० चा बॅलन्स हा अभ्यास. ३३० जण, दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा. एका गटाला लिथियम, दुसऱ्याला व्हॅल्प्रोएट, तिसऱ्याला दोन्ही. एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा लिथियम, एकटं किंवा जोडीने, आजार उलटू न देण्यात सरस ठरलं.

नैराश्याच्या बाजूचं चित्र जास्त अवघड आहे, आणि लोकांना आजार बहुतेक याच बाजूने जास्त छळतो. २००७ मध्ये स्टेप-बीडी या मोठ्या प्रकल्पातला एक अभ्यास आला. मूड स्टॅबिलायझर (लिथियमसारखं मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असलेल्या ३६६ जणांना वरून अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरचं औषध) किंवा प्लासिबो दिलं. २६ आठवड्यांत अँटिडिप्रेसंटचा जादा फायदा दिसला नाही. क्वेटियापिन या औषधाला बायपोलरमधल्या नैराश्यासाठी मोठ्या चाचण्यांचा आधार मिळाला आणि २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. लॅमोट्रिजीन हळूहळूच वाढवावं लागतं, कारण घाईत वाढवलं तर त्वचेवर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो.

औषधांखेरीजच्या उपचारांकडे संशोधनाचं लक्ष उशिरा गेलं, पण जे आहे ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बार्सिलोनामध्ये कोलोम, व्हिएटा आणि सहकाऱ्यांनी १२० जणांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये आला. सगळे औषध घेत होते आणि तेव्हा बरे होते. निम्म्यांना गटात बसून आजार समजून घेण्याची २१ सत्रं दिली आणि निम्म्यांना साध्या गटभेटी. दोन वर्षांत पहिल्या गटात आजार कमी वेळा उलटला. कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार आणि झोप-जेवणाच्या वेळा सांभाळणारी उपचारपद्धती यांवरही चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. शोधताना “ड्रग थेरपी” उपशीर्षक लावलंत तर यातलं काहीच दिसणार नाही. “थेरपी” हे मोठं उपशीर्षक घ्या आणि “सायकोथेरपी” वेगळं शोधा.

दोन अभ्यास एकमेकांच्या उलट सांगत असतील तर?

दोन्हींत कोण होतं आणि त्यांना किती औषध मिळालं, ते बघा. लिथियममुळे आत्महत्येचा धोका कमी होतो का, यावर २०१३ मध्ये सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ४८ चाचण्या आणि ६,६७४ सहभागी एकत्र घेऊन उत्तर दिलं: प्लासिबोच्या तुलनेत आत्महत्या कमी होतात. २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा ५१९ जणांचा अभ्यास आला. त्यात लिथियम वरून जोडल्याने आत्महत्येशी संबंधित घटना कमी झाल्या नाहीत आणि फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून तो मध्येच थांबवला गेला.

दुसऱ्या अभ्यासात बायपोलरबरोबर एकध्रुवी नैराश्य असलेलेही होते, आणि रक्तातली लिथियमची सरासरी पातळी लिटरला ०.५ मिलिमोलच्या आसपासच राहिली. देखभालीच्या उपचारात साधारण ०.६ ते ०.८ ठेवतात. हे लक्षात घेतलं तर पहिला अभ्यास खोटा ठरला असं म्हणता येत नाही आणि दुसरा टाकूनही देता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्याला मी दोन्ही एकत्र देते. एकच देणं मला बरोबर वाटत नाही.

ज्याच्या मनात आत्ता जीव देण्याचे विचार येत असतील, त्याने हे वाचत बसू नये. जवळच्या माणसाला हाक मारा आणि लगेच रुग्णालय गाठा.

हे वाचून औषधाचा डोस बदलू का?

नाही. वाचलेलं घेऊन डॉक्टरांकडे जा. लिथियम घेणाऱ्याने रक्ताची पातळी, मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम वेळच्या वेळी तपासायला हवं, आणि पातळीसाठीचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायला हवं. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतली तर पातळी चढू शकते. हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळायला लागलं तर वाट बघू नका.

छापून न आलेल्या चाचण्या कशा कळणार?

चाचण्यांच्या नोंदवह्यांतून. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही २००० मध्ये सुरू झाली. मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनी २००५ पासून आधी नोंद न झालेल्या चाचण्या छापायचं नाकारलं. लॅमोट्रिजीनचंच बघा. बायपोलरमधल्या नैराश्यावरच्या त्याच्या पाच चाचण्यांत एकेकटीने मुख्य मोजमापावर ठळक फरक दाखवला नव्हता. २००९ मध्ये पाचही चाचण्यांतल्या १,०७२ जणांची माहिती एकत्र केली तेव्हा माफक पण खरा फायदा दिसला. यातल्या एक-दोनच हाती आल्या असत्या तर मत चुकीच्या बाजूला झुकलं असतं.

मागे घेतलेला लेख कसा ओळखायचा?

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन शोधसूचीत अशा नोंदीवर ठळक सूचना असते. लेखाची प्रत जुनी छापील असेल तर नोंद पुन्हा उघडून बघा, कारण कागदावर ती सूचना उमटत नाही.

आरडीए वगैरे नोंदी करण्याच्या नियमांशी वाचकाचा काय संबंध?

थेट संबंध थोडाच. जुने एएसीआर-२ नियम १९७८ चे. त्यांच्या जागी २०१० मध्ये आरडीए आले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते ३१ मार्च २०१३ पासून पूर्णपणे लागू केले. कामाची गोष्ट एवढीच की आता मूळ कृती, तिचं भाषांतर किंवा सुधारित रूप, छापील किंवा डिजिटल आवृत्ती आणि हातातली प्रत अशा पायऱ्या वेगळ्या मानल्या जातात. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं दर काही वर्षांनी बदलतात. आपल्या हातात त्यातलं कोणतं रूप आहे, ते चांगल्या नोंदीवरून कळतं.

आता यंत्रच विषयशीर्षकं देतं म्हणे. मग भरवसा ठेवावा का?

पबमेडचा मुख्य भाग असलेल्या मेडलाइनमध्ये २०२२ पासून शीर्षकं यंत्र देतं आणि माणसं निवडक नोंदी तपासतात. त्यामुळे लेख लवकर सापडतात. पण गोषवाऱ्यात ओझरता आलेला विषय यंत्र कधी मुख्य मानतं, तर कधी मुख्य विषयच सुटतो. शिवाय पबमेडमधल्या सगळ्याच लेखांना मेश शीर्षकं नसतात. म्हणून शीर्षक आणि साधा शब्द, दोन्हींनी शोधा.

मी बायपोलरवरचं पुस्तक नेलं, हे कुणाला कळेल का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्या आवाजात उत्तर देत नाही. वाचकाची खासगी माहिती गुप्त ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आचारसंहितेत १९३९ पासून लिहिलेलं आहे. आपल्या ग्रंथालयात पुस्तक परत आल्यावर देवघेवीची नोंद पुसली जाते का, ते विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिथेच बसून वाचायचं असेल तर नोंद होतही नाही.

पहिला शोध कसा लिहू?

पबमेडच्या चौकटीत, इंग्रजीत, तीन भाग कंसांत लिहा. पहिल्या कंसात आजार: मेश शीर्षक “बायपोलर डिसऑर्डर” किंवा साधा शब्द “बायपोलर” किंवा “मॅनिक-डिप्रेसिव्ह”. दुसऱ्या कंसात उपचार, उदाहरणार्थ “लिथियम”. तिसऱ्या कंसात अभ्यासाचा प्रकार, “रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल”. कंसाच्या आत “ऑर”, दोन कंसांच्या मध्ये “अँड”, दोन्ही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. १९९१ च्या आधीचं शोधत असाल तर तिसरा कंस काढून टाका, कारण अभ्यासाचा तो प्रकार नोंदींत त्या वर्षापासून आला. निकाल खूप आले तर पद्धतशीर आढावे (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारे लेख) आधी उघडा, विशेषतः कॉक्रेन या संस्थेचे. त्यांच्या शेवटी शोध कसा केला ते शब्दन् शब्द दिलेलं असतं, ते तसंच्या तसं उचलून वापरता येतं. आणि अडलात तर छापलेली यादी, फुल्या मारलेली असली तरी, घेऊन या.